चेनवरचा काळा थर

परभणी जिल्ह्यात मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना सायकली मिळत आल्या आहेत. सायकल चालवायला घरचे शिकवतात. ती सांभाळायला क्वचितच कुणी शिकवतं. नवशिक्याने सुरुवात चेनपासून करावी, कारण इथल्या काळ्या मातीची धूळ सगळ्यात आधी तिलाच गाठते. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर 12.7 मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच असतं. नव्या चेनच्या 24 कड्या पट्टीवर बरोबर 12 इंच भरतात. तेलात मुरलेली बारीक धूळ पॉलिश पेपरसारखी पिना घासते, अंतर वाढतं. तेच माप 12 इंचांपुढे एक षोडशांश इंच गेलं, तर चेन बदलावी. नाहीतर ती दातेरी चक्रंही झिजवते आणि खर्च वाढतो.

कुणी म्हणेल, कोपऱ्यावर सायकलवाला असताना हे कशाला शिकायचं? तो बिघाड दुरुस्त करतो; झीज मात्र रोज होते आणि रोज सायकलजवळ आपणच असतो. भरपूर तेल ओतलं की झालं, हाही गैरसमजच. बाहेरचं तेल धूळ धरून ठेवतं. तेलाची खरी गरज पिनेजवळ असते. म्हणून कोरड्या फडक्याने चेन पुसावी, प्रत्येक कडीवर एकेक थेंब सोडावा, पायडल उलटं फिरवावं आणि वरचं तेल पुसून घ्यावं. पावसात चिखल लागला, तर त्याच दिवशी. सोबत टायरची हवा आणि ब्रेकचे रबर पाहावेत. दहा मिनिटांचं हे काम शाळेतच शिकवलं, तर मिळालेली सायकल बारावीपर्यंत साथ देईल.