कृपेची कसोटी : केडगावच्या मुक्तिसदनातील प्रार्थना

ज्येष्ठ वद्य पक्षात देहू-आळंदीहून पालख्या निघाल्या की पुणे जिल्ह्याच्या वाटा नामघोषाने भरून जातात. ज्ञानोबांची पालखी दिवेघाट चढून सासवडकडे वळते, तर तुकोबांची पालखी लोणी काळभोर, यवत, वरवंड अशा मुक्कामांनी पुढे सरकते. टाळ-मृदंगाच्या लयीत देहभान हरपलेले वारकरी आपण सर्वांनीच पाहिले आहेत. कुणाचा कंठ दाटतो, कुणाच्या डोळ्यांना धार लागते, कुणी नाचता नाचता धुळीत लोळण घेतो. त्या अवस्थेस आपण कधी वेड म्हणत नाही. परंतु परक्या देवघरात असेच काही घडले, तर आपली दृष्टी तितकीच उदार राहते काय? आषाढी एकादशीच्या पुण्यपर्वावर हा प्रश्न आम्ही मुद्दाम वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण तुकोबांच्या पालखीच्या वाटेपासून फार दूर नसलेल्या केडगाव येथे १९०५ साली अशी एक घटना घडली, की तिची वार्ता सातासमुद्रापलीकडे गेली. महाराष्ट्रातील भाविक घरांत मात्र ती फारशी कुणास ठाऊक नाही.

केडगावचे मुक्तिसदन ही पंडिता रमाबाईंची कर्मभूमी होय. रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण. लोकनिंदा सोसून त्यांनी पत्नीस व कन्येस संस्कृत शिकविले. तीर्थयात्रा आणि पुराणकथन यांतच या कुटुंबाचे आयुष्य गेले. दुष्काळात माता-पित्यांचा अंत झाल्यावर रमाबाई भावासह देशभर फिरल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वत्सभेने त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. पुढे १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. त्यामुळे महाराष्ट्राचे मन दुखावले, हे लपविण्याचे कारण नाही. शारदासदनातील विद्यार्थिनी ख्रिस्ती प्रार्थनेस बसतात या कारणावरून १८९३ साली न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही त्या संस्थेपासून दूर झाले. तो वाद आज आम्हांस पुन्हा उकरायचा नाही. धर्मांतराविषयी ज्याचे मत त्याच्यापाशी राहो. पण १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी, निराधार मुलींना याच बाईंनी उचलून आणले, आणि १९०० च्या दुष्काळानंतर मुक्तिसदनातील स्त्रिया व मुले मिळून संख्या दोन हजारांच्या घरात गेली, हेही तितकेच खरे आहे.

रमाबाईंचे अंतर्जीवन लक्षात घेतल्यावाचून पुढील घटनेचा अर्थ लागत नाही. बाप्तिस्मा घेतल्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपणास ख्रिस्ताची खरी ओळख पटली, असे त्यांनी १९०७ सालच्या आपल्या आत्मनिवेदनात म्हटले आहे. म्हणजे बुद्धीने धर्म स्वीकारला गेला होता. अनुभवाने तो हृदयात उतरायचा होता. शब्दज्ञान आणि अनुभव यांतील हे अंतर आपल्या संतांनीही वारंवार दाखविले आहे. शास्त्रात पारंगत झालेल्या या विदुषीस ते अंतर स्वतःच्याच ठायी जाणवले, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

१९०४ साली ब्रिटनमधील वेल्स प्रांतात प्रार्थनेची मोठी लाट उसळली होती. तिची वार्ता ऐकून रमाबाईंनी १९०५ च्या आरंभी मुक्तिसदनात एक प्रार्थनामंडळ सुरू केले. प्रथम ७० जणी एकत्र जमल्या. जूनपर्यंत त्यांची संख्या ५५० झाली. दिवसातून दोन वेळा या स्त्रिया पवित्र आत्म्यासाठी, म्हणजे भक्ताच्या अंतःकरणात वास करणाऱ्या ईश्वरी शक्तीसाठी, प्रार्थना करीत. त्यांत बालविधवा होत्या, दुष्काळाने अनाथ केलेल्या पोरी होत्या. जिचे म्हणणे आजवर कुणी ऐकूनच घेतले नव्हते अशीही एखादी त्यांत असेल.

जून महिना संपत आला होता. वारीचेच ते दिवस. २९ जूनच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास एका मुलीस आपल्या अंगात अग्नी संचारल्याचा भास झाला. त्या काळच्या मिशनरी वृत्तान्तांत अशी हकीकत नोंदलेली आहे, की तिच्यावर देखरेख ठेवणाऱ्या बाईस ती खरोखरच पेटलेली दिसली. ती पाण्याची बादली आणण्यास धावली आणि पाणी ओतण्याच्या बेतात असताना तिच्या ध्यानात आले, की अंगावर ज्वाळा नाही, वस्त्रही जळालेले नाही. त्यानंतर रडण्याचा एकच कल्लोळ उठला. मुली आपापले अपराध मोकळेपणाने कबूल करू लागल्या. अश्रूंमागून आनंद आला. तासन्‌तास प्रार्थना, गाणे, हसणे आणि नाचणे सुरू झाले. पुढे त्यांच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत उपदेशासाठी जाऊ लागल्या.

१९०६ साल संपण्याच्या सुमारास आणखी एक नवल घडल्याच्या नोंदी आहेत. काहीजणी प्रार्थनेच्या भरात स्वतः न शिकलेल्या भाषेत बोलू लागल्या. इंग्रजी न जाणणारी एक मुलगी इंग्रजीत प्रार्थना करताना आपण ऐकली, असे दौंडचे मिशनरी अल्बर्ट नॉर्टन यांनी लिहून ठेवले आहे. ख्रिस्ती परंपरेत यास ‘अन्य भाषा बोलणे’ म्हणतात. येशूच्या शिष्यांवर पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणास, अग्नीच्या जिभांसारखे काही उतरले आणि ते नाना भाषांत बोलू लागले, अशी बायबलात कथा आहे. करिंथ येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रात संत पौलाने अशी नऊ कृपादाने सांगितली आहेत : ज्ञानाचे वचन, विद्येचे वचन, विश्वास, रोग बरे करणे, चमत्कार, ईश्वरी संदेश देणे, आत्म्यांची पारख, अन्य भाषा आणि त्या भाषांचा अर्थ सांगणे.

त्याच १९०६ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे विल्यम सेमूर या कृष्णवर्णी उपदेशकाच्या सभेत असाच प्रकार सुरू झाला. त्याचे आईबाप एकेकाळी गुलामगिरीत होते. या प्रवाहातून वाढलेल्या पंथांचे अनुयायी आज जगात कोट्यवधी आहेत. मुक्तिसदनात रमाबाईंसह राबणाऱ्या मिनी एब्रम्स या अमेरिकन बाईंनी १९०६ साली केडगावच्या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली आणि ती दक्षिण अमेरिकेतील चिली देशात आपल्या जुन्या मैत्रिणीस धाडली. तेथे १९०९ साली जी प्रार्थनेची चळवळ उभी राहिली, तिच्या मुळाशी ही पुस्तिका मानली जाते. दौंड तालुक्यातील एका खेड्याची ठिणगी अशी कुठच्या कुठे गेली!

या साऱ्याकडे पाहून टीकाकार स्वस्थ बसले नाहीत. विशेष हे, की टीका करणाऱ्यांत ख्रिस्ती मंडळीही होती. हा केवळ भावनेचा उद्रेक आहे, असे काहींचे मत पडले. रमाबाईंनी दिलेले उत्तर विचार करण्याजोगे आहे. इतर देशांतील ख्रिस्ती लोकांत पवित्र आत्मा मोकळेपणाने कार्य करतो, तर हिंदी लोकांत त्यास ती मोकळीक का नसावी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. भक्तीची रीत पाश्चात्त्य साच्यातच ओतली पाहिजे, हे त्यांना मान्य नव्हते. परंतु नवलाची भलावण करून त्या थांबल्या नाहीत. हे वरदान स्वतः त्यांना लाभले नव्हते आणि त्याची खंतही त्यांनी बाळगली नाही. अन्य भाषा हेच पवित्र आत्म्याच्या प्राप्तीचे एकमेव आवश्यक चिन्ह, असे त्यांनी मानले नाही. त्यांच्या दृष्टीने खरी खूण एकच : प्रेम.

येथे मराठी वाचकास आपल्या घरची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. आपल्या भक्तिशास्त्रात अष्टसात्त्विक भाव सांगितले आहेत. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. म्हणजे देह ताठरण्यापासून शुद्ध हरपण्यापर्यंतच्या या अवस्था. केडगावच्या मुलींचे वर्णन वाचताना यांतील कितीतरी खुणा ओळखीच्या वाटतात. पण याच परंपरेने आपणास सावधही केले आहे. योगसिद्धीच्या बळावर चौदाशे वर्षे जगलेला, वाघावर बसून सर्पाचा चाबूक हाती घेऊन आलेला चांगदेव आपल्या कथांत आहे. ज्ञानदेवांस पत्र लिहिताना मायना काय घालावा हे न सुचल्यामुळे त्याने कोरेच पत्र धाडले, आणि अखेर मुक्ताईच्या चरणी लीन झाला. सिद्धी असूनही कोरा राहिलेला हा योगी आपणास जे सांगतो, तेच संत पौल करिंथच्या मंडळीस सांगतो. कृपादानांच्या यादीनंतर लगेच तो प्रेमाचे माहात्म्य वर्णितो. प्रेम नसेल तर सर्व भाषा व्यर्थ होत, असा त्याचा निर्वाळा आहे. पुढे तो शिस्तही घालून देतो : अन्य भाषेत बोलायचे तर दोघातिघांनीच, एकामागून एक बोलावे, आणि अर्थ सांगणारा नसेल तर सभेत मौन पाळावे.

प्रार्थनेच्या गूढ अनुभवाविषयी असाच विवेक स्पेनच्या संत तेरेसा यांनीही सांगितला आहे. १५१५ ते १५८२ हा त्यांचा काळ. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी प्रार्थनेस बागेच्या शिंपणाची उपमा दिली आहे. आरंभी साधकास विहिरीतून एकेक पोहरा शेंदावा लागतो. कष्ट फार, पाणी थोडे. पुढे रहाट मिळतो. मग पाटाचे पाणी आपसूक वाफ्यात शिरते. आणि शेवटी पाऊस पडतो. तेथे माळ्याचे हात काहीच करीत नाहीत, सारे देवाचेच देणे. आषाढात आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या आमच्या शेतकऱ्यास ही उपमा समजावून सांगण्याची गरज नाही. मात्र पाऊस पडला याचा पुरावा बागेतच दिसायला हवा, हे तेरेसा जाणून होत्या. नम्रता आणि शेजाऱ्यावरील प्रेम यांवाचून समाधीच्या गोष्टी त्यांना व्यर्थ वाटत. स्वतः त्यांनी गाडीतून खडतर प्रवास करीत १७ मठ स्थापिले.

मुक्तिसदनाच्या बागेत काय उगवले? अनाथ मुली लिहा-वाचावयास शिकल्या, विणकाम व शेती करू लागल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. आणि रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे एका कामास वाहिली : हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल खेड्यातील बायाबापड्यांना कळेल अशा सोप्या मराठीत आणणे. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. १९२४ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. न कळणाऱ्या हजारो शब्दांहून कळणारे पाच शब्द बरे, असा पौलाचा कौल आहे. ज्या आश्रमात मुलींच्या मुखातून अनाकलनीय वाणी फुटली, त्याच आश्रमात एका संस्कृत पंडितेने आपले शास्त्र आपल्या लेकींच्या बोलीत उतरविले. शके १२१२ मध्ये नेवाशास गीतेचा अर्थ मराठीत आणणाऱ्या माउलीच्या लेकरांना या कष्टाची थोरवी निराळी सांगावयास नको. आमच्या मते केडगावचे खरे वाणीचे वरदान हेच.

आपापला देव आणि आपापली उपासना सोडण्याचा प्रश्न येथे नाही. विठ्ठलाच्या चरणी ज्याची निष्ठा आहे, त्याची ती तेथेच दृढ राहो. पण दुसऱ्याच्या डोळ्यांतील भक्तीचे अश्रू पाहून हसू नये, आणि स्वतःच्या अश्रूंनी भुलूनही जाऊ नये, एवढा बोध या घटनेतून भाविकाने अवश्य घ्यावा. कीर्तनात डोलणारी मान घरी आल्यावर सासूशी, सुनेशी, दारच्या भुकेल्याशी नम्र होते की नाही, यावरच त्या डोलण्याची किंमत ठरते. आज एकादशीच्या उपवासाचे पारणे उद्या फिटेल. परंतु प्रार्थनेत लाभलेल्या कृपेचे ऋण कुणा दुःखिताचे अश्रू पुसल्यावाचून फिटत नाही.