अठरा घरांचा हिशेब

मुंबईतल्या कांजूरमार्गची हद्द रेल्वे, टपाल खातं आणि महानगरपालिका आपापल्या परीनं आखतात. राष्ट्रीय नमुना पाहणीची आखणी त्याहून बारीक असते. शहरातली सगळी वस्ती ती साधारण सव्वाशे ते दीडशे घरांच्या तुकड्यांत विभागते. या तुकड्याला ब्लॉक म्हणतात. गल्ली, नाला, रेल्वेची भिंत, शाळेचं कुंपण अशा जागेवर ओळखू येणाऱ्या खुणांनी त्याची सीमा ठरते आणि दर काही वर्षांनी माणसं पायी फिरून ती पुन्हा तपासतात. कांजूरमार्गमध्ये हे काम चिकाटीचं आहे. पूर्वेला जुनं गाव, पुनर्वसनाच्या एकमेकींना खेटलेल्या इमारती आणि द्रुतगती मार्गापलीकडे मिठागरं. पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्गावर एकेकाळी कारखान्यांची रांग होती, आता तिथे टॉवर उठताहेत. नौदलाच्या वसाहती आहेत, भांडुपच्या टेकडीवर चढत गेलेल्या चाळी आहेत आणि रिक्षाच्या अंतरावर पवई आहे. पाच वर्षांत एखादा ब्लॉक नाहीसा होतो आणि त्याच जागी तीस मजले उभे राहतात.

असा एखादा ब्लॉक नमुन्यात आला की आधी त्यातल्या प्रत्येक घराची यादी होते. यादी करतानाच एक प्रश्न विचारला जातो: घरी स्वतःच्या वापराची चारचाकी आहे का, आणि तिची किंमत दहा लाखांवर की खाली? 2022-23 च्या घरगुती उपभोग खर्चाच्या पाहणीत शहरी घरांचे तीन थर याच उत्तरावरून लावले. श्रीमंत घरं संख्येनं थोडी असतात. नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या तर ती हाती लागायचीच नाहीत. म्हणून प्रत्येक थरातून वेगळी निवड होते आणि अखेर एका ब्लॉकमधून अठरा घरं उरतात. देशभर मिळून 2022-23 मध्ये 2,61,746 आणि 2023-24 मध्ये 2,61,953 कुटुंबं अशी निवडली गेली. म्हणजे एकेका घराच्या पाठीशी सरासरी हजारावर घरं उभी असतात. ते घर तेलाची पिशवी सांगायला विसरलं, तर हजार घरांचं तेल कमी होतं.

पाहणीच्या दृष्टीनं घर म्हणजे एका स्वयंपाकघरात शिजलेलं अन्न खाणारी, सहसा एकत्र राहणारी माणसं. दहा बाय पंधराच्या खोलीत दोन भाऊ राहत असतील आणि गॅसच्या शेगड्या दोन असतील, तर घरंही दोन.

पूर्वी कर्मचारी एकदाच यायचा आणि तासन्‌तास प्रश्न विचारायचा. शेवटच्या पानांपर्यंत उत्तर देणारी बाई थकून जायची आणि ‘असेल शंभर-दीडशे’ असं म्हणून मोकळी व्हायची. 2022-23 पासून पद्धत बदलली. आता एकाच तिमाहीत तीन वेगवेगळ्या महिन्यांत तीन भेटी होतात. एका भेटीत खाण्यापिण्याचा खर्च विचारतात. दुसरीत साबण, गॅस, वीज, मोबाइल रिचार्ज, डॉक्टर, शाळेची फी, प्रवास असे उपभोग्य वस्तूंचे आणि सेवांचे खर्च. तिसरीत कपडे, चपला, फ्रीज, दुचाकी अशा टिकाऊ वस्तू. या विषयांचा क्रमही घराघराला बदलतो. वस्तूंची यादी 2011-12 मध्ये 347 ची होती, ती 405 वर गेली. कागदी प्रपत्राची जागा टॅबनं घेतली आणि ऑनलाइन मागवलेल्या वस्तूंचाही प्रश्न आला.

पाहणीतली सगळ्यात अवघड गोष्ट आहे काळाची. ‘गेल्या किती दिवसांत?’ हा प्रश्न ऐकायला साधा वाटतो, पण भारतातल्या दारिद्र्यावरचा निम्मा वाद त्याच्यापाशी येऊन अडतो. गेल्या सात दिवसांत किती भाजी आणली हे आठवतं, तीस दिवसांतली भाजी आठवत नाही. तांदूळ-गहू मात्र महिन्याच्या वाणसामानात येतात, त्यामुळे त्यांना महिनाच बरा. मुलांचे गणवेश, दिवाळीचे कपडे, नवा टीव्ही यांचा हिशेब वर्षाचाच लागतो. 1994 ते 1998 या काळात, 51 व्या ते 54 व्या फेरीत, नमुन्याचे दोन भाग करून प्रयोग झाला. एका भागाला सगळ्याच गोष्टी तीस दिवसांच्या विचारल्या. दुसऱ्या भागाला वस्तूनुसार सात, तीस किंवा 365 दिवसांच्या. दुसऱ्या भागात खर्च इतका जास्त निघाला की त्यावरून मोजलेलं ग्रामीण दारिद्र्य जवळपास निम्म्यावर आलं. गाव तेच, वर्ष तेच, ताटातलं अन्नही तेच होतं.

पुढच्याच, 1999-2000 च्या फेरीत, खाद्यपदार्थांसाठी दोन्ही काळ एकाच घराला, एकाच पानावर शेजारी-शेजारी विचारले गेले. सात दिवसांचा आकडा सांगितलेला माणूस त्याला चारनं गुणून महिन्याचा आकडा जुळवू लागला. सरकारी हिशेबात 1993-94 चं सुमारे 36 टक्के दारिद्र्य 26.1 टक्क्यांवर आलं, आणि त्यातली किती घट खरी होती यावर अर्थशास्त्रज्ञ पुढची काही वर्षं झगडत राहिले. पुढे नोबेल मिळालेले अँगस डीटन या वादात अग्रभागी होते. आजच्या पाहणीतली सात, तीस आणि 365 दिवसांची मिश्र पद्धत याच धड्यांतून घडली. म्हणून आजचे आकडे 1993-94 च्या आकड्यांशेजारी सरळ मांडणं चूक आहे, हे मला ठासून सांगावंसं वाटतं. टीव्हीवरच्या चर्चांत ते रोज मांडले जातात.

मोजण्याची ही धडपड मुंबईला जुनी आहे. दादाभाई नौरोजींनी 1867-68 साठी दरडोई वार्षिक उत्पन्न वीस रुपये काढलं आणि ते तुरुंगात कैद्यांना जगवायला लागणाऱ्या खर्चाशी ताडून पाहिलं. उत्पन्न कमी पडलं. मग 1921-22 मध्ये मुंबई सरकारच्या नव्या कामगार कार्यालयानं, फिंडले शिरस यांच्या देखरेखीखाली, कामगारांच्या घरखर्चाची पहिली मोठी चौकशी केली. त्यात 2,473 कुटुंबांचे आणि एकट्या राहणाऱ्या 603 कामगारांचे हिशेब तपासले गेले. निष्कर्ष सरकारी अहवालात छापला गेला: गिरणगावचा कामगार जेवढं धान्य खातो ते दुष्काळ संहितेतल्या कमाल शिध्याएवढं आहे, पण मुंबईच्या तुरुंग नियमावलीतल्या आहारापेक्षा कमी. दादाभाईंचंच माप अर्ध्या शतकानंतर सरकारनं स्वतः लावलं आणि उत्तर बदललं नव्हतं. तुरुंगाला लोकांच्या ताटाची मोजपट्टी करावी लागली, याहून मोठा आरोप त्या राजवटीवर कोणी केला असेल असं मला वाटत नाही.

स्वातंत्र्यानंतर 1949 मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली: अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस, सदस्य पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. के. आर. व्ही. राव. देशाचं उत्पन्न मोजायला बसल्यावर त्यांना दिसलं की लाखो घरांत काय पिकतं, काय बनतं आणि काय खर्चलं जातं याची माहितीच नाही. ती पोकळी भरायला राष्ट्रीय नमुना पाहणी उभी राहिली आणि ऑक्टोबर 1950 मध्ये तिची पहिली फेरी निघाली.

या आकड्यांना लोकांच्या जिभेवर आणलं ते वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ या गोखले संस्थेतल्या जोडीनं. 1971 मध्ये त्यांनी 1960-61 च्या पाहणीतले घरखर्च घेतले आणि साधा प्रश्न विचारला: रोज 2,250 उष्मांक मिळायला महिन्याला माणशी किती खर्च लागतो? उत्तर आलं, त्या वेळच्या किमतींत गावात पंधरा रुपये आणि शहरात साडेबावीस. त्याखाली कोट्यवधी माणसं होती. पुढे 2009 मध्ये सुरेश तेंडुलकरांच्या समितीनं नुसते उष्मांक सोडून शिक्षण, आरोग्य यांवरचा खर्चही दारिद्र्यरेषेत धरला. त्यामुळे 2004-05 चं दारिद्र्य 27.5 वरून 37.2 टक्के ठरलं. दारिद्र्यरेषा म्हणून सांगितलेल्या रोजच्या बत्तीस रुपयांवरून 2011 मध्ये उठलेलं वादळ अनेकांना आठवत असेल. त्या रागात तेंडुलकरांनी रेषा खाली नाही, वर नेली होती, ही गोष्ट हरवून गेली.

आता कांजूरमार्गकडे परत येतो, कारण मुंबई या पाहणीला जिथे अडखळायला लावते त्या जागा इथे ठळक दिसतात.

पहिली जागा घरकामाला जाणारी बाई. ती चाळीतून सकाळी निघते, पवईच्या दोन-तीन घरांत स्वयंपाक करते, दुपारी तिथेच पोळी-भाजी खाते, चहा घेते. मालकाच्या स्वयंपाकघरात शिजलेलं हे जेवण पाहणीच्या जुन्या रिवाजानुसार मालकाच्याच घरच्या खर्चात जातं. दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून हा नियम, आणि त्याचं कारण पटण्यासारखं आहे. पण परिणाम असा की श्रीमंत घराचे उष्मांक फुगतात आणि तिच्या घराचे आक्रसतात. पाहणीत जेवणांची संख्या वेगळी नोंदवतात, त्यावरून अभ्यासक दुरुस्ती करतात. मथळ्यात मात्र ती दुरुस्ती पोचत नाही.

दुसरी जागा भाडं. शेजारच्या दोन खोल्या सारख्याच, एकीत भाडेकरू, दुसरीत मालक. भाडं खर्चात मोजलं जातं. स्वतःच्या घरात राहणाऱ्यानं स्वतःला ‘दिलेलं’ भाडं या मासिक दरडोई खर्चात धरत नाहीत. त्यामुळे कागदावर मालक गरीब दिसतो. चंद्रपूरच्या एखाद्या गावात यानं फार बिघडत नाही. मुंबईत, जिथे पगाराचा मोठा घास जागाच गिळते, तिथे याच एका नियमानं चित्र तिरकं होतं.

तिसरी जागा बंद दार, आणि माझ्या मते ती सगळ्यात गंभीर आहे. चाळीत कर्मचाऱ्याला पाट मिळतो, पाणी मिळतं, शेजारीण येऊन ‘अगं, गेल्या आठवड्यात पापलेट आणलेलंस की’ अशी आठवणही करून देते. टॉवरच्या फाटकावर त्याला रजिस्टरमध्ये सही करून तासभर थांबावं लागतं आणि मग इंटरकॉमवरून नकार येतो. नकार आला की बदली घर घेतात, पण त्यानं नुकसान पूर्ण भरत नाही. देशाच्या राष्ट्रीय लेख्यांतला घरगुती उपभोग आणि पाहणीतून येणारा उपभोग यांतली दरी वाढत गेली आणि 2011-12 पर्यंत पाहणीचा आकडा निम्म्याच्या आसपास उरला होता. त्याची कारणं अनेक आहेत, पण वरच्या थराचं मौन हे त्यातलं एक. गरिबाची गरिबी आपण पैशापर्यंत मोजतो आणि श्रीमंताची श्रीमंती अंदाजानं.

2022-23 मध्ये दरडोई मासिक खर्च गावात 3,773 आणि शहरात 6,459 रुपये आला. पुढल्या वर्षी 4,122 आणि 6,996. 2022-23 पासून एक चांगली सुधारणाही झाली: रेशनचं मोफत धान्य, सरकारनं दिलेली सायकल, गणवेश अशा वस्तूंची किंमत वेगळी लावून दुसरा आकडा दिला जातो. 2023-24 मध्ये तो गावासाठी 4,247 आणि शहरासाठी 7,078. ग्रामीण घराच्या खर्चातला अन्नाचा वाटा 1999-2000 मध्ये 59.4 टक्के होता, तो 2022-23 मध्ये 46.38 टक्के झाला. उरलेला पैसा दूध-फळांकडे, बाहेरच्या खाण्याकडे, प्रवासाकडे, फोनकडे वळला. महागाईचा निर्देशांक काढताना कोणत्या वस्तूला किती वजन द्यायचं हे याच पाहणीतून ठरतं. अनेक वर्षं ही वजनं जुनी राहिली, कारण मधली 2017-18 ची पाहणी झाली तरी सरकारनं दर्जाचं कारण देत 2019 मध्ये निकाल दडवून ठेवले. आकडे वाईट असतील तर त्रुटींसकट छापावेत, अभ्यासक त्यांची चिरफाड करतील. लोकांनी वेळ देऊन सांगितलेली माहिती ही लोकांची असते.

खर्चाइतकंच उत्पादनही घरात दडलेलं असतं. कांजूरमार्गची एकेकाळची क्रॉम्प्टन ग्रीव्ह्ज, भांडुपची सिएट, विक्रोळीची गोदरेज अशा नोंदणीकृत कारखान्यांचं मोजमाप उद्योगांच्या वार्षिक पाहणीत कायद्यानं होतं, तिथे माहिती देणं बंधनकारक आहे. त्या पट्ट्यातले भोंगे विरळ झाल्यावर काम घरांत शिरलं: पोळीभाजीचे डबे, शिलाई, घरगुती शिकवणी, ब्यूटी पार्लर, माळ्यावर चालणारी पॅकिंगची कामं. असंघटित उद्योगांच्या वार्षिक पाहणीनं 2023-24 मध्ये देशात असे 7.34 कोटी उद्योग आणि त्यांत 12.06 कोटी कामकरी माणसं मोजली. डबे विकणारी बाई त्यात येते. तोच स्वयंपाक स्वतःच्या घरासाठी केला की ती त्यातून गळते. ती सापडते फक्त वेळेच्या वापराच्या पाहणीत. 2019 मध्ये घरच्या बिनपगारी कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला त्यावर 299 मिनिटं देत होत्या, पुरुष 97. 2024 मध्ये 289 आणि 88. दोन्ही आकडे उतरले, दोघांतलं अंतर जवळपास तसंच राहिलं.

पुढची खर्चपाहणी 2027-28 मध्ये व्हायची आहे. कांजूरमार्गचा कोणता ब्लॉक निघेल हे आधी कोणालाच कळणार नाही. येणाऱ्या माणसाकडे ओळखपत्र आणि टॅब असेल, तो बँकेचा खातेक्रमांक किंवा ओटीपी मागणार नाही. कोणी मागितलंच तर तो भामटा समजावा. माहिती अभ्यासकांना मिळते ती नाव-पत्ता काढून. तीन भेटींत मिळून तो आपले काही तास घेईल, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींनी तोवर वॉचमनला एवढं सांगून ठेवावं की ओळखपत्र पाहून त्याला वर सोड.