नाल्यात औषध आहे, पेढी नाही

मधुमेही रुग्णाच्या पायाची जखम महिनोन् महिने भरत नाही, तेव्हा जखमेतला पू कल्चरला पाठवतात. रिपोर्टात प्रत्येक अँटिबायोटिकपुढे ‘एस’ किंवा ‘आर’ असते. एस म्हणजे औषध लागू, आर म्हणजे जंतू दाद देत नाही. ओळीने आर उमटले की डॉक्टरांच्या हाती मूत्रपिंडाला त्रास देणाऱ्या कोलिस्टिनसारखी एखाद-दुसरी इंजेक्शने उरतात. अशा जंतूंनी २०१९ साली जगात १२ लाख ७० हजार बळी घेतल्याचा अंदाज आहे. म्हणूनच जिवाणूंना मारणारे विषाणू, म्हणजे फेज, पुन्हा चर्चेत आले आहेत. मात्र नांदेड-लातूरला हा उपाय मेडिकलच्या दुकानातून येणार नाही. रक्तपेढी असते तशी फेजपेढी इथेच उभारावी लागेल.

असे का, हे फेजच्या रचनेतच दिसते. टी-४ हा फेज मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढा असतो. त्याला डोके, शेपूट आणि सहा लांब तंतू असतात. तंतूंना ई. कोलाय जंतूच्या अंगावरची नेमकी खूण सापडली की शेपटीचे आवरण आकसते, आतली नळी जंतूच्या भिंतीत घुसते आणि डोक्यातला डीएनए आत उतरतो. अर्ध्या तासाच्या आसपास जंतू फुटतो आणि शंभर-दोनशे नवे फेज बाहेर पडतात. खूण जुळली नाही तर काहीच घडत नाही. त्यामुळे माणसाच्या पेशी सुरक्षित राहतात, पोटातले उपयोगी जंतूही बहुतांशी वाचतात. पण त्यामुळेच एका रुग्णाला लागू पडलेला फेज दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही.

ही विद्या आपल्याला परकी नाही. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात आणि पाणी उकळले की तो गुण जातो, हे आग्र्याच्या अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६ सालीच नोंदवले होते. १९१७ साली फेजचा शोध जाहीर करणारे फेलिक्स द’हेरेल १९२७ साली पटकीवरच्या प्रयोगांसाठी हिंदुस्थानात आले. पुढे अँटिबायोटिक आली आणि हा मार्ग मागे पडला. जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात १९२३ साली स्थापन झालेल्या एलियावा संस्थेने मात्र तो सोडला नाही. अलीकडे बनारस हिंदू विद्यापीठात न भरणाऱ्या जखमांवर फेज वापरून पाहिले गेले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात २० पैकी ७ रुग्णांच्या जखमा २१ दिवसांत पूर्ण भरल्या.

फेज शोधायची रीत साधी आहे. जिथे जंतू माजतात तिथेच फेज मुबलक, म्हणून शोध सांडपाण्यात घेतात. नाल्याचे पाणी इतक्या बारीक गाळणीतून काढतात की जंतू वर अडतात आणि फेज खाली उतरतात. ते रुग्णाच्या जंतूत आणि मऊ अगारमध्ये मिसळून पेट्री डिशवर ओततात आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. सकाळी डिश जंतूंनी दुधाळ झालेली असते. तिच्यात जिथे नितळ ठिपका दिसतो तिथे फेजने काम केलेले असते. एवढी सामग्री सूक्ष्मजीवशास्त्राच्या कोणत्याही चांगल्या विभागात असते.

खऱ्या अडचणी यानंतरच्या आहेत, आणि त्या लहान नाहीत. भाजलेल्या जखमांवर फ्रान्स-बेल्जियममध्ये झालेल्या ‘फागोबर्न’ चाचणीत फेज नेहमीच्या मलमापेक्षा मंद ठरले. साठवणुकीत त्यांची संख्या घटली होती, शिवाय काही जंतू त्यांना दाद देणारे नव्हते. पण यावरून फेज निकामी ठरत नाहीत. वापरण्यापूर्वी त्यांची संख्या मोजावी आणि रुग्णाच्या जंतूशी जुळणी तपासावी, हे ठरते, आणि जवळची पेढी नेमके तेच करू शकते. जंतू फेजलाही चकवतात, हा आक्षेपही रास्त आहे. म्हणून अनेक फेजचे मिश्रण देतात आणि नवे फेज सतत शोधावे लागतात. फुटलेल्या जंतूंचे विष गाळून काढणे हे सर्वांत जिकिरीचे काम आहे. त्यात हयगय झाली तर औषधच जिवावर बेतेल. कायद्याची अडचणही आहे, कारण दर रुग्णागणिक बदलणारे औषध ठरावीक गोळीच्या नियमांत बसत नाही. बेल्जियमने त्यावर तोड काढली आहे. तिथे डॉक्टरांच्या चिठ्ठीनुसार एकेका रुग्णासाठी फेजचे औषध तयार करता येते.

नांदेडला विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शेजारी-शेजारी आहेत. लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकविज्ञान संस्था आहे, उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालय आहे. या चौघांनी आज रुग्णांवर प्रयोग करू नयेत. आधी दाद न देणारे जंतू जपून ठेवावेत, त्यांना मारणारे फेज गोळा करावेत, आणि नीतिसमितीच्या देखरेखीखाली रीतसर चाचणीची तयारी करावी. शासनाने या कामाला स्वतंत्र निधी आणि कायमची माणसे द्यावीत. आणि पेढी उभी राहीपर्यंत आपण सर्वांनी चिठ्ठीवाचून अँटिबायोटिक घेणे थांबवावे.