ढेपेची बुरशी आणि मातीची पूड

पावसाळ्यात जळगाव-धुळ्याकडच्या बचत गटांच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. सरकी ढेपेला बुरशी लागली, पोतं तर महागाचं. मग दुकानातली ‘टॉक्सिन बाइंडर’ची पूड मिसळून ती म्हशीला घातली तर चालेल का? आज आम्ही त्यावरच बोलणार आहोत.

ढेप, मका किंवा शेंगदाण्याची पेंड ओलसर राहिली की तिच्यावर हिरवट-पिवळी बुरशी धरते. ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. वरची बुरशी झटकली तरी आत उतरलेलं विष जात नाही. त्यानं जनावराचं यकृत बिघडतं, दूध घटतं. विषाचा काही भाग दुधात उतरतो आणि दूध उकळूनही तो नाहीसा होत नाही. म्हणजे गोठ्यातली बुरशी लेकराच्या पेल्यापर्यंत पोचते. २०१८ च्या देशव्यापी सरकारी पाहणीत दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ मध्ये हे विष मर्यादेपेक्षा जास्त निघालं.

आता ती पूड. तिच्यात बहुधा बेंटोनाइट नावाची खाणीतली माती असते. आपल्या शेजारच्या गुजरातेत, कच्छमध्ये ती निघते. या मातीला बारीक पापुद्रे असतात. जनावराच्या पोटात अफ्लाटॉक्सिन त्या पापुद्र्यांत अडकतं आणि शेणावाटे बाहेर पडतं. युरोपात २०१३ पासून तिला परवानगी आहे, पण एक किलो खाद्यात जास्तीत जास्त २० ग्रॅम.

मात्र ही माती सगळं अफ्लाटॉक्सिन धरत नाही आणि बुरशीची इतर काही विषं तिला फारशी जुमानत नाहीत. म्हणून दिसायला चांगल्या खाद्यात नकळत राहिलेल्या विषासाठी ती आहे, नासलेली ढेप खपवण्यासाठी नाही.

तेव्हा एवढं करा:

- पोती जमिनीवर नको, फळीवर ठेवा. भिंतीपासून हातभर लांब.
- पावसाळ्यात आठ-पंधरा दिवसांपुरतीच ढेप आणा. गटानं मिळून घेतली तर भावही बरा पडतो.
- मका कडक वाळवूनच भरा.
- पूड पाकिटावरच्या प्रमाणात, पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारून द्या. औषध चालू असेल तर तसं सांगा. माती काही औषधंही धरून ठेवते. शेतातली माती घालू नका.
- बुरशीची ढेप शेळ्या-कोंबड्यांनाही नको; खड्ड्यात पुरा.

एक पोतं फेकताना जीव तुटतो, हे आम्हीही जाणतो. पण म्हैस आटली तर तोटा वर्षाचा होतो, आणि दूध तर आपलीच पोरं पितात.