मोहोळची पेठ आणि वीस वर्षांचा आराखडा

पुणे-सोलापूर महामार्गावरील मोहोळ हे तालुक्याचे गाव म्हणजे मुळात एक तिठा. सोलापूर, पुणे आणि पंढरपूर या तीन दिशांच्या वाटा येथे मिळतात. शेजारी रेल्वेस्थानक, गावात नागनाथाचे देवस्थान. अशा ठिकाणी बाजार वाढतो तो वाटसरूंच्या पावलांवर.

आता ती वाटच बदलत आहे. दिवेघाट ते मोहोळ या सुमारे २२१ किलोमीटरच्या संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी बसविण्यात आली. कडेला पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्गिकेची योजना आहे. वारकऱ्यांप्रमाणेच विहार करणाऱ्या साधू-साध्वींनाही ती उपकारक ठरावी. परंतु रुंद रस्त्यावरून वेगाने जाणारी मोटार पेठेत थांबत नाही. अशा गावांत नवी दुकाने महामार्गाकडे सरकतात आणि खाली दुकान, वर घर असे जुने वाडे ओस पडू लागतात. मुले पुण्यास गेलेली असली, तर अधिकच लवकर.

यावर उपाय म्हणजे विकास आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार तो वीस वर्षांतून किमान एकदा सुधारावा लागतो. कागदावर हे निरुपद्रवी वाटते. पण नकाशावर रस्तारुंदीची रेघ ज्याच्या ओट्यावरून जाते, त्याला विचारावे! त्या जागेवर मनाजोगे बांधता येत नाही, विकावी तर गिऱ्हाईक कचरते. दहा वर्षांत जागा संपादित न झाल्यास मालकाला कलम १२७ अन्वये खरेदीची सूचना देता येते. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले न उचलल्यास आरक्षण रद्द झाल्याचे मानले जाते. म्हणजे बारा वर्षे. एका व्यापाऱ्याच्या उमेदीचा हा केवढा मोठा भाग!

सरसकट पाडापाडीला पर्याय नाही असे नव्हे. १९१४ साली भारतात आलेले स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी दक्षिणेतील जुन्या शहरांसाठी वेगळी रीत सुचविली होती. गल्लीबोळ हिंडून पाहावे, मोडकळीस आलेले तेवढेच काढावे, मोकळ्या जागी झाड, विहीर, चौक राखावा. खर्च कमी आणि वस्तीही टिकते. छोट्या पेठेला ही रीत अधिक मानवेल. मात्र वाहनतळाची जागा पेठेच्या तोंडाशीच हवी.

हातगाडीवाल्यांना हुसकावणे हाही उपाय नव्हे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य निवडून आलेले पथविक्रेते असतात. भाजीला आलेली गृहिणीच पुढे कापडाच्या दुकानात शिरते, हे पेढीवर बसणाऱ्यास सांगावयास नको.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकतीसाठी ठरावीक मुदत मिळते, पुढे नियोजन समितीसमोर सुनावणी होते. नकाशात आपला सिटी सर्व्हे क्रमांक शोधून लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. सुनावणीच्या दिवशी दुकान अर्धा दिवस बंद ठेवावे लागेल, एवढेच.