विमानतळ रेल्वेजोडणीचे व्यापक आर्थिक लाभ : मापनाचा प्रश्न आणि दिल्लीचा अनुभव

प्रस्तावना :
विमानतळ व शहर यांना जोडणाऱ्या रेल्वेमार्गाचे मूल्यमापन करताना प्रवाशांचा वाचणारा वेळ, वाहनखर्चातील बचत व टळणारे अपघात यांचे पैशातील मूल्य काढून ते प्रकल्पखर्चाशी ताडून पाहण्याची पद्धत रूढ आहे. या लाभ-व्यय विश्लेषणात न येणाऱ्या परिणामांना 'व्यापक आर्थिक लाभ' म्हणतात. ब्रिटनच्या परिवहन विभागाने २००५ मध्ये त्यांच्या मापनाची चौकट मांडली. प्रस्तुत लेखात ही संकल्पना स्पष्ट करून दिल्लीच्या अनुभवाच्या आधारे तिचा विचार केला आहे.

संकल्पना :
उद्योग व कुशल मनुष्यबळ एकमेकांच्या आवाक्यात आल्याने वाढणारी उत्पादकता, म्हणजेच समूहन लाभ, हा यातील प्रमुख घटक होय. दुसरा घटक श्रमबाजाराचा आहे. प्रवास सुकर झाल्याने एखाद्याने अधिक वेतनाची नोकरी पत्करली, तर त्याचा करोत्तर फायदा रूढ विश्लेषणात अगोदरच धरलेला असतो. शासनास मिळणारा वाढीव कर मात्र त्यातून सुटतो. तेवढाच भाग येथे नव्याने मोजावयाचा असतो. हा भेद प्रकल्प अहवालांत पुष्कळदा पाळला जात नाही. स्थानकालगतच्या जमिनीची भाववाढ हेही बहुतांशी वेळेच्या बचतीचेच दुसरे रूप असते. दोन्ही आकडे एकत्र मिळविल्यास एकच लाभ दोनदा मोजला जातो.

दिल्लीचा अनुभव :
दिल्लीची विमानतळ मेट्रो २३ फेब्रुवारी २०११ रोजी सुरू झाली. सुमारे २२.७ कि.मी.च्या या मार्गावर अवघी सहा स्थानके होती आणि भाडे सामान्य मेट्रोपेक्षा बरेच अधिक होते. खाजगी संचालकाकडे असलेला हा मार्ग तांत्रिक दोषांमुळे जुलै २०१२ ते जानेवारी २०१३ या काळात बंद राहिला. १ जुलै २०१३ पासून दिल्ली मेट्रो रेल महामंडळाने संचालन हाती घेतले. पुढे भाडेकपात झाली आणि प्रवासीसंख्या लक्षणीय वाढली. मार्ग तोच, गाड्याही त्याच. बदलले ते भाडे.

या बदलाचे महत्त्व केवळ महसुलापुरते नाही. विमानप्रवासी वर्षातून काही वेळाच विमानतळावर जातो, तर सफाई कामगार, सामान वाहणारे, दुकानांतील व सुरक्षा विभागातील कर्मचारी तेथे रोज जातात. श्रमबाजाराचा लाभ मुख्यतः या वर्गामार्फत संभवतो. उंची भाडे व मोजकी स्थानके असलेला मार्ग त्यांच्या फारसा उपयोगी पडत नाही. पहिली गाडी पहाटेच्या पाळीपूर्वी पोहोचते की नाही, हा प्रश्नही तितकाच निर्णायक आहे. विमानतळानजीकच्या एरोसिटीतील हॉटेले व कार्यालये हा सर्वस्वी नवा लाभ मानण्यापूर्वी, ती दिल्लीतच अन्यत्र उभी राहिली असती काय, हे पाहावे लागेल.

२०१८ मध्ये टर्मिनल १ जवळ सामान्य भाड्याच्या मेट्रोमार्गाचे स्थानक सुरू झाले. दोन्ही मार्गांवरील प्रवाशांचे व्यवसाय व प्रवासाचा हेतू यांचे तौलनिक सर्वेक्षण प्रस्तुत विषयात विशेष उद्बोधक ठरेल.

मुंबईत ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णत्वास गेलेली मेट्रो-३ याच दुसऱ्या प्रकारची आहे. विमानतळाची दोन स्थानके असलेला हा मार्ग सीप्झ, वांद्रे-कुर्ला संकुल व फोर्ट ही रोजगारकेंद्रेही जोडतो. त्यामुळे तेथील समूहन लाभाचा मोठा हिस्सा या केंद्रांच्या परस्पर जोडणीचा आहे. तो विमानतळ जोडणीच्या नावे मांडता येणार नाही.