मुलांच्या चालीने जंगल

आफ्रिकेतल्या आलिशान सफारीच्या जाहिरातींत तंबूतला मऊ पलंग असतो, खोलीपुढचा छोटा तरणतलाव असतो, मावळतीला मांडलेले मेज असते. बरोबर चार-पाच वर्षांचे मूल असेल तर यातले फार थोडे कामाला येते. त्या वयाच्या मुलासाठी चैन म्हणजे हाताशी असलेला वेळ आणि कंटाळा आला की परत फिरण्याची मुभा. आयुष्यभर साठवलेल्या पैशातून अशी सहल ठरवणाऱ्या पालकांनी खोलीच्या थाटमाटाआधी या दोन गोष्टींवर खर्च करावा, कारण सहल सुखाची होते की सगळ्यांच्या संयमाची परीक्षा ठरते, हे त्यांवरच अवलंबून असते.

पहिला प्रश्न ठिकाणाचा. केनियातला मसाई मारा किंवा दक्षिण आफ्रिकेतले क्रुगर ही नावे सर्वांना ठाऊक असतात, पण दोन्हीकडे मलेरियाचा धोका आहे. पाच वर्षांखालच्या मुलांना मलेरिया झाला तर तो लवकर गंभीर होतो आणि प्रतिबंधक औषधाची मात्रा वजनानुसार डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी लागते. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचा दाखलाही लागतो. दक्षिण आफ्रिकेतच मलेरियामुक्त अभयारण्ये असताना पहिल्याच सफारीत ही काळजी ओढवून घेण्याचे कारण नाही. बोत्स्वानाच्या सीमेवरचे मडिक्वे हे त्यांपैकी एक. १९९१ साली गुरांच्या कुरणांच्या जागी ते उभे राहिले आणि पुढच्या काही वर्षांत तिथे आठ हजारांहून जास्त प्राणी बाहेरून आणून सोडले गेले. आपल्याकडे एप्रिल-मेची सुट्टी लागते तेव्हा तिथे पाऊस सरून हवा थंडावत असते, हाही मराठी कुटुंबांच्या सोयीचा योग.

दुसरा प्रश्न गाडीचा. लॉजवरची नेहमीची फेरी पहाटे आणि संध्याकाळी, तीन-चार तासांची, अनोळखी पाहुण्यांबरोबर उघड्या गाडीतून होते. अनेक लॉज सहा वर्षांखालच्या मुलांना या फेरीला नेत नाहीत. पालकांना हा नियम जाचक वाटतो, पण तो प्राण्यांच्या स्वभावावरून आला आहे. सिंहाला गाडी आणि तिच्यातली माणसे मिळून एकच आकृती दिसते. कुणी उभे राहिले, ओरडले, की ती आकृती मोडते, आणि लहान चणीचे, वळवळणारे मूल शिकारी प्राण्याचे लक्ष चटकन वेधून घेते. म्हणून कुटुंबापुरती स्वतंत्र गाडी घेणे श्रेयस्कर. ती महाग पडते, पण तासाभरात परत वळता येते आणि झेब्र्यापाशी अर्धा तास थांबायचे असेल तर कुणाची आडकाठी नसते. लॉजला कुंपण आहे का, हेही आधीच विचारून घ्यावे. कुंपण नसेल तर अंधार पडल्यावर खोलीबाहेर पाऊल टाकायलाही सोबत लागते.

हीच मोकळीक कमी पैशांतही मिळते, हे दक्षिण आफ्रिकेतल्याच ॲडो हत्ती राष्ट्रीय उद्यानात दिसते. तेही मलेरियामुक्त आहे आणि तिथे स्वतःची बंद मोटार चालवत फिरता येते. भारतासारखीच डावीकडून वाहतूक असल्याने आपल्या चालकांना ते अवघड जात नाही. १९३१ साली उद्यान झाले तेव्हा तिथे अकरा हत्ती उरले होते. आज सहाशेहून अधिक आहेत. त्या मोजक्या पूर्वजांमुळे तिथल्या बहुतेक हत्तिणींना सुळेच नाहीत. एके काळी हत्तींना संत्री घालत, त्या संत्र्यांसाठी हत्ती अनावर होऊ लागले, म्हणून आजही उद्यानात संत्री-मोसंबी नेता येत नाहीत. मुलाला ही गोष्ट लगेच कळते, कारण त्यालाही खाऊसाठी हट्ट करणे माहीत असते. रस्त्याच्या कडेला शेणकिड्यांना आधी जाऊ द्या, अशा पाट्या आहेत. इथला काळा, न उडणारा शेणकिडा मागच्या पायांनी शेणाचा गोळा ढकलत रस्ता ओलांडतो तेव्हा मोटारी थांबतात. खिडकीला नाक लावून बसलेल्या मुलाला तो सिंहाइतकाच मोठा वाटतो. रात्री मुक्कामाजवळच्या उजेड सोडलेल्या पाणवठ्यावर लपणात बसून प्राणी पाहावेत आणि झोप आली की उठून खोलीत जावे.

इतक्या लहान वयातले पुढे आठवणार नाही, मग खर्च कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पहिला शब्द कोणत्या दिवशी बोललो हे कुणाला आठवत नाही, भाषा मात्र राहते. प्राण्याला वाट द्यायची, त्याच्यासमोर आवाज खाली आणायचा, ही सवय तशीच अंगात मुरते. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ताडोबा जवळ असताना आफ्रिका कशाला? परवडत नसेल तर जाऊच नये, आणि त्यात मुलाचे काही बुडत नाही. ताडोबातही हाच हिशेब लावावा. चंद्रपूरचा मे महिना मुलांसाठी भाजून काढणारा, म्हणून हिवाळा निवडावा, सहा जणांची जिप्सी पूर्ण आपल्यासाठी घ्यावी आणि दिवसाला एकच फेरी करावी. वाघ दिसला नाही तरी चितळ, माकडे आणि वारुळे मुलाला पुरतात. कमी पडले असे वाटते ते बहुधा आपल्यालाच.